सोलापूरहून विमानाचं अंतर आणि खरा लागणारा वेळ कसा काढायचा

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून जून २०२५ ला गोव्याची फ्लाइट सुरू झाली, मग ऑक्टोबरात मुंबईची, तेव्हापासून ओळखीचे सगळे विचारतायत की अंतर किती आणि वेळ किती लागतो. प्रत्येक साइट वेगळा आकडा दाखवते म्हणून आपणच काढलेलं बरं, सोपंय.

ऑनलाइन अंतर-कॅल्क्युलेटरवर बघणार असाल तर आधी विमानतळाचा तीन अक्षरी कोड बरोबर टाका. सोलापूर म्हणजे एसएसई. गोव्यात विमानतळ दोन, मोपा जीओएक्स आणि दाबोळी जीओआय, आपलं विमान मोपाला उतरतं, त्यामुळे नुसतं गोवा टाकून आलेला आकडा धरू नका.

अंतरासाठी कॉम्प्युटरवर गुगल मॅप उघडा, सोलापूर विमानतळावर राइट क्लिक करून मेजर डिस्टन्स निवडा आणि मग मोपावर क्लिक करा, झालं. कागदावर पडताळायचं असेल (मुलांना सोबत घेऊन कराच, भूगोल आणि गणित दोन्ही होतं) तर अक्षांशाच्या एका अंशाला १११ किमी धरा आणि रेखांशाच्या एका अंशाला आपल्या भागात १०६, कारण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात. सोलापूर अक्षांश १७.६३ आणि रेखांश ७५.९३, मोपा १५.७३ आणि ७३.८६. फरक १.९० आणि २.०७, म्हणजे २११ किमी दक्षिणेला, २१९ किमी पश्चिमेला, दोन्हीचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ, आले ३०४ किमी. मुंबईचं असंच केलं की ३६० च्या आसपास येतं, रेल्वेने तेच ४५५ आहे. कुठे एनएम लिहिलेलं दिसलं तर ते नॉटिकल माइल, १.८५२ ने गुणायचं.

आता वेळ. एटीआर, म्हणजे गोव्याला जाणारं पंख्यांचं छोटं विमान, वर गेल्यावर ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, त्या हिशोबाने गोवा ३६-३७ मिनिटं. पण रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरताना वळसा, यात अजून पंचवीस-तीस मिनिटं जातात, तेवढी मिळवाच, म्हणजे तास-सव्वातास. तिकिटावरची वेळ हीच असते, विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर लागेपर्यंतची.

आणि कॅल्क्युलेटरने वेळ दाखवली म्हणजे थेट फ्लाइट आहेच असं नाही, सोलापूर-कोल्हापूर टाकलं तरी तो दोनशे किमी आणि पाऊण तास दाखवेल.

माझ्या मते घर ते मुक्काम हाच हिशोब महत्त्वाचा. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो म्हणून दीड-दोन तास आधी पोचा, उतरल्यावर बॅगेला अर्धा तास, पुढे टॅक्सी. मोपाहून पणजीच पस्तीसेक किमी आहे, मडगाव त्याच्याही पुढे. मुंबईला असे एकूण साडेचार-पाच तास होतात, वंदे भारतला नुसते गाडीतले साडेसहा. अंधेरी-बीकेसीत काम असेल तर विमानच घ्या, सीएसएमटीकडे सकाळीच पोचायचं असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस चांगली. फक्त फ्लाइट कोणत्या वारी आहे ते बुकिंगआधी कंपनीच्याच साइटवर बघा, वेळापत्रक बदलत असतं.