गिअर अडायचा, दोष निघाला क्लचचा
सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या डिझेल गाडीचा पहिला गिअर पडेना. रिव्हर्स टाकला की कर्रर्र! गॅरेजवाले म्हणाले, "साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." पोटात गोळाच आला.

घरी येऊन इंजिन बंद करून पाहिलं, तर पाचही गिअर अलगद पडले. म्हणजे पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नव्हता, इंजिन गिअरबॉक्सपासून नीट वेगळं होत नव्हतं. पेडल 3-4 वेळा भराभर दाबलं की चालू इंजिनवरही गिअर पडायचा, मग संशय हायड्रॉलिकवर, म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेवर. पेडलच्या वर, मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की तेल ढकलणारा छोटा पंप) दांड्यापाशी बोट फिरवलं तर ओलं. ब्रेक ऑइलच, क्लचच्या यंत्रणेतही तेच असतं! (बोट लगेच धुवा, गाडीच्या रंगाला लागलं तर रंग जातो.) तेलाच्या डबीतली पातळीही उतरलेली.

दुसऱ्या गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडर बदलून तेलाच्या नळीतली हवा काढून घेतली. परवा कात्रजचा घाट चढलो, तिसऱ्यावरून दुसरा विनातक्रार पडला.