विंच नुसती ‘टक्’ करते, दोर ओढत नाही: माझा अनुभव

मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन घालून घरी बनवलेली बग्गी. पुढे १२ व्होल्टची विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारी मोटर. मोकळा दोर छान गुंडाळायची, पण बग्गी चिखलात रुतली की सोलेनॉइड (मोटरला वीज जोडणारा स्विच) ‘टक्’ आणि हेडलाइट मंद.

आधी बॅटरी बदलली, मग सोलेनॉइड. पैसे गेले, बग्गी शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरनेच निघाली.

दोष अर्थिंगचा, म्हणजे वीज बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाण्याच्या वाटेचा होता. विंचची निगेटिव्ह मी चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जोडली होती, तीही रंगावरच. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं विंच मोटरच्या निगेटिव्ह बोल्टला लावलं. भार देऊन पाहिलं तर २.६ व्होल्ट, म्हणजे तेवढे व्होल्ट वाटेतच वाया! (बिनभाराचं मोजू नका, शून्यच दिसतं.)

मग असं केलं: आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. मोटरच्या निगेटिव्ह बोल्टपासून थेट बॅटरीपर्यंत ५० चौरस मिमीची तांब्याची वेल्डिंग केबल ओढली. लग (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) हायड्रॉलिक क्रिंपरने, म्हणजे दाबयंत्राने, दाबले. हातोडीने ठोकलेले पुढे ढिले पडतात. पॉझिटिव्हही त्याच जाडीची केली. इंजिन आणि चॅसिसच्या अर्थिंगची जागा चकाकेपर्यंत घासली, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडली.

आता भाराखाली ०.२ व्होल्ट. ओढताना इंजिन चालू ठेवतो आणि दोर जमेल तितका सोडतो, कारण ड्रमच्या सर्वांत आतल्या थरावरच पूर्ण ताकद मिळते. ड्रमवर पाच वेढे मात्र राहू देतो.