मोठी कॅम्पर (आत राहायची-झोपायची सोय असलेली व्हॅन) घेतलीत? आधी उंची मोजा
हाताला जुन्या छोट्या व्हॅनची सवय असते, त्यामुळे नवीन मोठी गाडी पहिली अडकते ती हाइट बॅरिअरला, म्हणजे उंच गाड्या अडवायला रस्त्यावर लावलेल्या आडव्या दांड्याला. माझी तर कोथरूडमध्ये सोसायटीच्याच कमानीला लागणार होती, वॉचमनकाका ओरडले म्हणून वाचली.

१. गाडी सपाट जागी, सामान आणि पाणी न भरता उभी करा, कारण रिकामी गाडी जरा उंच असते.
२. वरचा एसी किंवा सोलर पॅनल, जे सगळ्यात उंच असेल त्यावर पट्टी आडवी धरून तिच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेपने मोजा, ब्रोशरमधला आकडा धरू नका, त्यात नंतर बसवलेलं काही नसतं.
३. १० सेंटीमीटर जास्तीचे मिळवून मास्किंग टेपवर मीटर आणि फूट दोन्हीत लिहा, स्टिअरिंगसमोर चिकटवा.

फक्त पुलाच्या पाटीवर डोळे मिटून विश्वास नको, डांबराचा नवा थर पडला की खालची जागा कमी होते, शंका आली तर सरळ उतरून बघा.