मुआंग बोरान बघायला जाताय? अख्खा दिवस ठेवा

हल्ली बडोद्यातून बँकॉकला जाणारे खूप वाढलेत, अहमदाबादहून फ्लाइट पकडायची, मॉल, मसाज, पटाया आणि परत. त्यातला एक दिवस मुआंग बोरानला द्याच, आणि अर्धा नाही, अख्खा द्या.

थायलंडभरची जुनी देवळं, राजवाडे, लाकडी घरं, पाण्यावरचा बाजार असं सगळं उघड्यावर एकाच ठिकाणी उभारलंय, काही खऱ्या मापाचं, काही लहान करून. जागा सुमारे 320 एकर, म्हणजे आपली बडोद्याची कमाटीबाग जवळजवळ तीन वेळा मावेल, आणि आखणी थायलंडच्या नकाशासारखी, उत्तरेची देवळं उत्तरेला, दक्षिणेची दक्षिणेला. लेक विरियाफन नावाच्या उद्योजकाला आधी गोल्फ कोर्स करायचा होता, त्यात जुन्या वास्तूंचे छोटे नमुने ठेवायचे एवढाच बेत, पण खऱ्या वास्तूंची पडझड बघितली आणि बेतच बदलला. 1972 साली हे लोकांसाठी उघडलं.

जायचं कसं तर बीटीएसची, म्हणजे बँकॉकच्या मेट्रोसारख्या गाडीची, सुखुमवित लाइन पकडून शेवटचं खेहा स्टेशन, शहराच्या मध्यातल्या सियाम स्टेशनहून साधारण पाऊण तास, आणि तिथून ग्रॅब (ॲपवरून बोलवायची गाडी) किंवा टॅक्सी. सोंगथेव पण असतात, पिकअपला मागे दोन बाक लावलेले, आपल्या गुजरातच्या छकडा रिक्षात बसलेल्या माणसाला त्यात काही नवीन वाटणार नाही. आणि हो, थायलंडला पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत टीडीएसी हे ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचंय, 2025 च्या मे पासून ते सक्तीचं झालंय.

सकाळी उघडताच आत शिरा, अकरानंतर ऊन सहन होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, एप्रिल टाळाच. तिकीट घेताना त्यात सायकल किंवा ट्रॅम धरलीय का ते विचारून घ्या. मी तर सायकलच सांगेन, सपाट रस्ते आहेत, वाटेल तिथे थांबता येतं. पण मी आईला घेऊन गेले होते, तिचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही गोल्फ कार्ट घेतली. पायात सहज काढता येतील अशा चपला घाला आणि खांदे-गुडघे झाकणारे कपडे, कारण बऱ्याच ठिकाणी आत मूर्ती आहेत आणि लोक खरंच नमस्कार करतात.

आता मुख्य गोष्ट, तिथली नावं मोठ्याने वाचा. बोरान म्हणजे आपलं पुराण, प्रासात म्हणजे प्रासाद, आणि हे सगळं ज्या प्रांतात आहे तो समुत प्राकान म्हणजे समुद्र आणि प्राकार. रामाकियन म्हणजे त्यांचं रामायण, त्यात रावणाला तोत्साकान म्हणतात, आई दोन-तीनदा पुटपुटली आणि म्हणाली अगं हा तर दशकंठ! तिथून पुढे प्रत्येक पाटी तीच आधी वाचायला लागली.

सगळंच बघायचा हट्ट नको, शंभराच्या वर वास्तू आहेत. सान्फेत प्रासात मात्र चुकवू नका. अयुथया या थायलंडच्या जुन्या राजधानीतला हा राजवाडा 1767 मध्ये बर्मी सैन्याने जाळला, मूळ जागी आता नुसतं जोतं उरलंय, त्यामुळे जमलं तर अयुथया आधी करा आणि मग इथे या, रिकामं जोतं डोळ्यासमोर असलं की इथल्या सोनेरी दरबारात उभं राहून गळा दाटून येतो, माझा तरी आला. मग प्रा विहान, टेकडीवरचं शंकराचं देऊळ, मूळ देऊळ 1962 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कंबोडियाला दिलं. चढायला दम लागतो पण वरून सगळा परिसर दिसतो. आणि शेवटी तळ्यातला सुमेरू पर्वत, भोवती केवढा मोठा मासा वेटोळं घालून.

जेवायला पाण्यावरच्या बाजारात मिळतं. व्हेज लोकांनी ‘जे’ हा शब्द पाठ करावा, नुसतं व्हेज म्हटलं तर भाजीत नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, पडतोच. थेपले बॅगेत असू द्या. पाण्याची बाटली मोठी.

तीन तोंडांच्या ऐरावताचं एरावान म्युझियमही याच माणसाचं आणि याच लाइनवर, पण ते दुसऱ्या दिवसावर टाका, एका दिवसात दोन्हींची घाई होते. परतीला खेहा हेच पहिलं स्टेशन असल्याने गाडीत बसायला जागा मिळते.