नवं आउटलुक आलंय? मग या चुका टाळा

अलीकडे मला येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, माझं आउटलुक कुणीतरी बदललं!" आउटलुक म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मेलचं सॉफ्टवेअर, आणि बदलणारं कुणीतरी म्हणजे मायक्रोसॉफ्टच. विंडोजमधलं फुकटचं मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं आणि त्याच्या जागी 'नवं आउटलुक' आलं. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येणाऱ्या जुन्या आउटलुकच्या उजव्या कोपऱ्यातही 'नवं वापरून बघा' असं एक बटण येऊन बसलं. दिसायला चकचकीत, पण मुळात हे ब्राउझरमधल्या आउटलुकचंच भावंड. ठाण्यातल्या नौपाड्याच्या जुन्या इमारतींच्या रिडेव्हलपमेंटसारखं आहे हे: लिफ्ट आली, लॉबी आली, पण बरण्या ठेवायचा माळा गेला.

आणि लोकांचं सगळं सामान त्या माळ्यावरच असतं.

चूक पहिली: "मेल काय, सर्व्हरवर असतातच"

वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवणारं एक छोटं युनिट आहे. मालक साठीच्या पुढचे, कॉम्प्युटरचं सगळं भाच्याकडे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून भाच्याने दिवाळीआधी नवं मशीन आणलं, जुनं त्याच दिवशी फॉरमॅट करून डिस्पॅचच्या टेबलावर मांडलं आणि त्यावर हिशेबाचं टॅली टाकलं. नव्या मशीनवर नवं आउटलुक उघडलं, मेल आयडी आणि पासवर्ड दिला, मेल धडाधड आले. फक्त शेवटच्या दोन आठवड्यांचे. "येतील हळूहळू, नेट स्लो आहे," म्हणून पोरगं चार दिवस वाट बघत बसलं!

पाचव्या दिवशी मालकांना २०१४ मधलं एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग हवं होतं. तेव्हा माझा फोन वाजला.

झालं होतं ते असं. जुन्या आउटलुकमध्ये त्यांचं खातं पॉप पद्धतीचं होतं. पॉप म्हणजे पोस्टातून पत्र घरी आणणं; पोस्टात ते कायम राहत नाही. आउटलुकची मूळ सेटिंग अशी की सर्व्हरवरची प्रत १४ दिवसांनी पुसायची. पाठवलेल्या मेलची प्रत तर पॉपमध्ये सहसा सर्व्हरवर राहतच नाही, ती मशीनवरच राहते. म्हणजे अकरा वर्षांचा पत्रव्यवहार एका पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक मशीनवर मेल साठवतं ती फाइल) होता आणि ती फाइल भाच्याने फॉरमॅट मारून उडवली. मशीन फास्ट व्हावं म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली होती, तीही मीच. एसएसडी पुसलेल्या जागा आतल्या आत साफ करून टाकते, त्यामुळे रिकव्हरीवाल्याने फाइल परत मिळण्याची आशा ठेवू नका म्हणून सांगितलं.

वाचवलं ते मालकांच्या सवयीने. काही टाकून द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. एसएसडी बसवताना काढलेली जुनी हार्ड डिस्क त्यांच्या कपाटात, गेजच्या डब्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. ड्रॉइंग मिळालं. मधल्या तीन वर्षांच्या ऑर्डरी मात्र गिऱ्हाइकांकडे हात पसरून पुन्हा मागवाव्या लागल्या.

माझी पद्धत सांगतो, शास्त्र म्हणून नाही, भीती म्हणून. जुन्या आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये जातो आणि खातं पॉप की आयमॅप (यात मेल सर्व्हरवरच राहतात) ते बघतो. शेजारच्या डेटा फाइल्सच्या टॅबमध्ये फाइल कुठे आहे आणि तिचं शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटची अक्षरं, काय ते बघतो. ओएसटी असेल तर ती सर्व्हरवरच्या मेलची नक्कल. पीएसटी असेल तर तोच तुमचा माळा. मग आउटलुक पूर्ण बंद करून ती फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करतो आणि ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून २०१५ चा एखादा मेल वाचून बघतो. ही शेवटची पायरी सगळे गाळतात, कारण घाई असते. जुनं मशीन मी निदान महिनाभर कुणाला हात लावू देत नाही.

चूक दुसरी: पत्ते आपोआप येतात म्हणजे सेव्ह आहेत

दोन अक्षरं टाइप केली की खाली नाव येतं, ते तुमचं कॉन्टॅक्ट नव्हे. ती आउटलुकची आठवण आहे, आणि नवं घर घेताना ती आठवण सोबत येईलच असं नाही. ओळखीच्या एका सीएच्या ऑफिसात ऐन रिटर्नच्या हंगामात हे कळलं. तिथल्या ताई वीस वर्षं काम करतात, पण एकाही गिऱ्हाइकाचा पूर्ण मेल आयडी त्यांना पाठ नव्हता. असायचं कारणही नव्हतं. आधी अर्धा तास काढा, पाठवलेल्या मेलचं फोल्डर उघडा आणि कामाची चाळीस-पन्नास माणसं हाताने कॉन्टॅक्टमध्ये टाका. याला शॉर्टकट विचारू नका.

बाकीच्या, पटकन

जुन्या आउटलुकला जोडलेली कॉम पद्धतीची ॲड-इन (वरून बसवलेली छोटी सॉफ्टवेअर) नव्यात चालत नाहीत, आणि चालणारही नाहीत. डिजिटल सहीचं किंवा सीआरएमचं (गिऱ्हाइकांच्या नोंदींचं) काही बसवलं असेल तर बटण दाबायच्या आधी त्या कंपनीला विचारा, नंतर मला नाही.

'फक्त या कॉम्प्युटरवर' असं लिहिलेले रूल्स, म्हणजे मेल आपोआप लावून ठेवणारे नियम, गेले समजा.

पीएसटी फाइल पेनड्राइव्हवर किंवा ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच चालवू नका. बिघडते.

यूट्यूबच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून 'फ्री पीएसटी कन्व्हर्टर' उतरवणाऱ्यांशी मी आता वाद घालणं सोडलंय.

मराठी सही अगम्य अक्षरांत दिसते म्हणून नव्या आउटलुकला शिव्या घालू नका. ती सही श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या समोरच्याला ती कायम तशीच दिसत होती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही इतकंच.

आणि एक, जे लोक न वाचता 'कंटिन्यू' करतात. नव्या आउटलुकमध्ये जीमेल किंवा स्वतःच्या डोमेनचं खातं जोडलं की ते मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही सिंक होतात. घरगुती मेलला चालून जाईल. वकील, डॉक्टर, सीए यांनी आधी विचार करावा. फुकट खात्यांच्या इनबॉक्समध्ये जाहिरातीही दिसतात; त्या मेलसारख्याच दिसतात, आणि लोक त्यावर क्लिकही करतात.

परत जाता येत नाही असं वाटणं

येतं. ऑफिसचं लायसन्स असेल तर तेच बटण उलटं फिरवा, जुनं आउटलुक उघडेल. त्याला निदान २०२९ पर्यंत सपोर्ट देऊ, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. लायसन्स नसेल तर थंडरबर्ड हे मेलचं दुसरं सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, पॉप चालतं, मेल तुमच्या डिस्कवर राहतात. पहिले दोन दिवस अवघड वाटेल. दोन दिवसही न थांबणाऱ्यांसाठी माझ्याकडे काही नाही.

वागळेच्या मालकांच्या मशीनवर मी जुनंच आउटलुक परत बसवलं आणि कोपऱ्यातलं ते बटण रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमधून, लपवून टाकलं. भाच्याला सांगितलेलं नाही.