ज्यू शाळेचे मुख्याध्यापक झालात? आधी कॅलेंडर मांडा

ज्यू संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात टेबलावर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवा: शासनाच्या सुट्ट्यांचं आणि हिब्रू. मी अलिबागच्या इस्रायल आळीतली, सगळी नोकरी शाळेतच झाली. निम्मी भांडणं तारखांवरून होतात.

२०२६ चंच घ्या. रोश हशाना, आपला नव्याचा सण, १२ आणि १३ सप्टेंबरला. १४ ला गणपती. पाच दिवसांचे गणपती गेले की सोमवारी घटक चाचणी लावून मोकळं व्हावंसं वाटतं. तो सोमवार २१ सप्टेंबर, म्हणजे योम किप्पूर, आपला कडक उपासाचा दिवस. रविवारी दिवस मावळल्यापासून पाण्याचा थेंबही न घेतलेलं नववीतलं पोर गणिताचा पेपर देणार नाही, आणि त्याने तो द्यावाही कशाला? चाचणी बुधवारी घ्या. वर्गशिक्षकांना हे जूनमध्येच लेखी द्या. त्यातून या रोश हशानाला सुरू होणारं हिब्रू वर्ष अधिक महिन्याचं, अदार महिना दोनदा येतो. त्यामुळे पेसाह, आपला वसंतातला सण, २०२७ मध्ये पार २२ एप्रिलला सरकलाय, वार्षिक परीक्षेच्या ऐन तोंडावर.

शुक्रवारी शाळा दुपारीच सोडा, कारण सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आपला शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुरू होतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. रेवदंड्याच्या मुलाला एसटीने घरी पोचून, आंघोळ करून, शब्बाथच्या दिव्यापाशी बसता आलं पाहिजे. शनिवारचे तास रविवारी भरून काढावे लागतात. शिक्षकांशी ते नेमणुकीच्या वेळीच बोलून घ्या.

१९४८ नंतर आपली बहुतेक घरं इस्रायलला गेली, तेव्हा वर्गात ज्यू मुलं मोजकीच असणार. दुसऱ्या कुणी डब्यात कोळंबी आणली तर त्याला अजिबात हटकू नका. शाळेच्या स्वयंपाकात मात्र कोळंबी, खेकडे, शिंपल्या नकोत. मांसाबरोबर दुधाचं काही चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, दही-तूप नाही. स्वयंपाकाच्या बाईंना हे चुलीपाशी उभं राहून, स्वतः सांगा. नोटीस लावून हे होत नाही.

विश्वस्त विचारतीलच, एवढ्याशा मुलांसाठी हिब्रूचा तास कशाला? हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत काढलेल्या शाळेचं उदाहरण द्या. पुढे सर एली कदूरी यांचं नाव लागलेल्या त्या शाळेत इतर समाजांची मुलंही शिकत आली. सगळ्यांना दार उघडं ठेवायचं आणि हिब्रूही सोडायची नाही, दोन्ही जमतं. तास घ्यायला सिनेगॉगच्या हज्जानांना, म्हणजे तिथे प्रार्थना चालवणाऱ्यांना, बोलवा. त्यांचा मान राखा, पण हजेरीपट आणि वेळापत्रक स्वतःकडेच ठेवा.