मान-खांदा अकडलाय? या चुका टाळा

मान अकडली की नागपुरात पहिला दोष कुलरला जातो. मे महिन्यात रात्रभर अंगावर थेट झोत घेऊन झोपल्यावर सकाळी मान वळत नाही, हे खरंच आहे. पण बहुतेकदा स्नायू दिवसभरातच थकलेला असतो. त्यात गारव्याने खांदे आखडून एकाच कुशीवर पडून राहिलं की सकाळी कळ उठते. कुलरची दिशा बदला, उशी फार उंच नको, पण तेवढ्यावर थांबू नका.

दुखतो तो ट्रॅपेझियस. कवटीच्या मागून निघून हा स्नायू पाठीच्या मधोमध, छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत उतरतो आणि बाजूला कॉलर बोन व खांद्याच्या फऱ्याला जोडलेला असतो. वरचे तंतू खांदा उचलतात, मधले फरा मणक्याकडे ओढतात, खालचे त्याला खाली धरतात. हात डोक्यावर नेताना वरचे आणि खालचे मिळून फरा फिरवतात. आपण मात्र दुखतं तिथे, म्हणजे वरच्या भागालाच बाम चोळत बसतो आणि मधल्या-खालच्या भागाला महिनोन्महिने काम देत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. मिहानमध्ये लॅपटॉपवर वाकणारा असो की गांधीबागेत गादीवर बसून बिलं लिहिणारा, डोकं पुढे गेलं की ते वजन मानेमागच्या स्नायूंना तोलून धरावं लागतं. दर अर्ध्या तासाने उठा. फरे मागे आणि किंचित खाली ओढून पाच सेकंद धरा, असं दहा वेळा. मग भिंतीकडे तोंड करून दोन्ही हात तिरके वर सरकवा. खालचे तंतू यानेच कामाला लागतात.

बर्डीच्या सिग्नलवर एक दृश्य नेहमीचं: फोन कान आणि खांद्यात दाबलेला, मान एकीकडे कललेली, "हो, येऊनच राहिलो!" गाडी तशीच सुटते. अपघाताचा धोका आहेच. शिवाय त्या बाजूचे वरचे तंतू पूर्ण वेळ आवळलेले राहतात. एकाच खांद्यावर जड बॅग लटकवल्यानेही तेच होतं. ताणतणावातही खांदे नकळत कानाकडे चढतात.

सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. तो आवाज सांध्यातल्या वायूचा असतो, स्नायू सुटल्याचा नव्हे. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो.

आठवडाभर पट्टा लावून पडून राहणंही चूक. पंधरा मिनिटं शेक घ्या, मान दुखेल न दुखेल इतपत हलवत राहा. वेदनाशामक गोळ्या मनाने चालू ठेवू नका.

हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल, ताप आणि मान ताठ असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा झुकला, हात वर जाईना, तर स्नायूला चालवणारी नस दुखावलेली असू शकते. आणि खांद्यासोबत छाती दाटणं, जबडा दुखणं, घाम फुटणं असेल तर बाम शोधत बसू नका. १०८ला फोन करा.